अवसेच्या रात्रीची दुर्बीण

दिवाळीचा अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा घरोघरी पणत्या लागलेल्या असतात. अशा वेळी काळोखाच्या गोष्टी सांगू नयेत हे मला कळते. पण लक्ष्मीपूजन येते ते अवसेलाच, आणि गेल्या वर्षी त्याच अवसेला माझा धाकटा भाऊ उसाला दारे धरायला गेला होता. आमची शेती जुन्नर तालुक्यात. मोटारीला वीज त्या आठवड्यात रात्रीची, आणि उसात बिबट्या!

बिबट्याची बातमी आमच्याकडे नवी नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेजारच्या अकोले भागातल्या शेतीवाडीत शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे असल्याचे निघाले. म्हणजे तो जंगलातून पाहुणा येत नाही, उसातच नांदतो. पण शेजारच्या वस्तीवरची शेळी गोठ्यातून गेली तेव्हा धाकट्याने मला पुण्याला फोन केला, ‘‘दादा, रातचं दिसायची दुर्बीण मिळती म्हणं. तुम्ही शिकलेली माणसं, बघा की जरा. पन धा-बारा हजाराच्या वर नको.’’

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. दुर्बिणीतले मला काय कळते? पण शिकलेला माणूस म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरत नाही.

चौकशी केली तेव्हा या दुर्बिणींच्या तीन जाती असल्याचे समजले. पहिली लष्करी थाटाची. चांदण्यांचा अल्पसा उजेड घेऊन ती त्याचे इलेक्ट्रॉन करते, ते बारीक छिद्रांच्या चकतीतून हजारो पटींनी वाढवते आणि हिरवट पडद्यावर चित्र उमटवते. किंमत लाखांत. मी त्या वाटेला गेलो नाही. दुसरी डिजिटल. ती म्हणजे खरे तर कॅमेराच. तिच्या कपाळावर एक दिवा असतो, तो आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि परत आलेले कॅमेरा टिपतो. तिसरी उष्णता पाहणारी, थर्मल. तिला दिवाच लागत नाही.

दुसरी आमच्या ऐपतीतली होती. दुकानदाराने मला माल ठेवायच्या खोलीत नेले, दिवा मालवला आणि म्हणाला, ‘‘पाहा साहेब, तीनशे मीटर!’’ खोली बारा फुटांची होती. तरी खोक्यावरची अक्षरे न् अक्षरे वाचता आली म्हणून मी अकरा हजार मोजून मोकळा झालो.

गावी पहिल्याच रात्री परीक्षा घेतली. धाकट्याने मोत्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, उसाच्या कडेला चाळीस पावलांवर बांधले. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि समोर चुना फासल्यासारखी पांढरी भिंत! हिरवे पान अवरक्त किरण जोराने परतवते, हे मी मुलांना उपग्रहाची चित्रे दाखवून शिकवले होते. उसापुढे उभे राहिल्यावर ते आठवले. जवळची पाती झगझगली आणि त्यामागे होते ते सारे काळे. मोत्याने मान वळवली तेव्हा दोन डोळे निखाऱ्यांसारखे चमकले. तो पाठमोरा झाला की पुन्हा नाहीसा. आता, डोळे तर साध्या बॅटरीच्या झोतातही चमकतात, मग अकरा हजार कशाचे? शिवाय त्या पडद्याकडे पाहून मान वर केली तर पायाखालचा पाटही दिसेना. काळोखाला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात, ती सगळी फुकट गेली.

(घेणाऱ्याने दिव्याचा आकडाही पाहावा. 850चा दिवा लांब जातो, पण समोरून तांबडा ठिपका दिसतो. 940चा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला तोकडा.)

पुतण्याचा एक मित्र वायरमन आहे. तापलेली वायर शोधायला मोबाइलच्या बुडाला जोडायचा थर्मल कॅमेरा त्याच्याकडे होता. त्यात मोत्या पाठमोरा असतानाही पांढऱ्या गोळ्यासारखा चटकन दिसला. नाक नाही, शेपूट नाही, कुत्रा की वासरू तेही कळेना. पण तिथे काहीतरी जिवंत आहे याबद्दल शंका राहिली नाही. मोत्याला दाट उसात नेले तेव्हा मात्र तोही हरला. थर्मल पानाआडचे पाहत नाही. गाडीच्या काचेतूनही पाहत नाही. आणि उन्हात तापलेले दगड रात्री दहापर्यंत जनावरासारखेच दिसतात.

त्या रात्री माझ्या लक्षात आले की दुकानात मी ‘कोण आहे?’ हे दाखवणारी वस्तू घेतली होती आणि धाकट्याला हवी होती ‘कुणी आहे का?’ हे सांगणारी.

थर्मल दुर्बिणीतली सर्वांत साधी घ्यायची तर पडदा 256 गुणिले 192 ठिपक्यांचा, भिंग 10 मिलिमीटरचे, एकेक ठिपका 12 मायक्रॉनचा. हिशेब सोपा आहे. शंभर मीटरवर असा एक ठिपका बारा सेंटिमीटर जागा व्यापतो. बिबट्याचे मीटरभर अंग आठ ठिपक्यांत बसते. तेवढे आम्हाला पुरे. जाहिरातीतल्या पाचशे मीटरवर त्याच बिबट्याचे दोनच ठिपके उरतात!

पण किंमत चाळीस हजारांच्या पुढे. वस्तीवरची चार घरे बसली. आमचे चुलते म्हणाले, ‘‘त्यापरीस चौघं मिळून जा, मोबाइलवर गाणी लावा, खाली वाकून बसू नका.’’ चुलत्यांचे खरे होते, वनखात्याची माणसेही तेच सांगतात. तरी वर्गणी झाली आणि दुर्बीण आली. आता ती आमच्या ओसरीत खुंटीला असते. ज्याची पाळी तो घेऊन जातो, पण एकटा जात नाही.

अकरा हजारांची परत पुण्याला आली. सौ. गच्चीवरून गुलमोहरातले घुबड त्यातून पाहते. घुबडाची पिसेसुद्धा मोजता येतात म्हणते.

परवा धाकट्याचा फोन आला. ‘‘दादा, काल बांधावर ठिपका दिसला. म्हटलं मोत्या आसंल. खाली बघतो तर मोत्या पायापाशी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? मोटर बंद केली न् दोघं घरी आलो. चार सऱ्या कोरड्याच राहिल्या.’’