‘बिल्ड सक्सेस’ ही पोच आहे, हमी नव्हे

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करताना जावावाल्यांच्या हाती मेव्हन किंवा ग्रेडल येते, वेबवाल्यांच्या हाती एनपीएम. आज्ञा दिली की पडद्यावरून ओळी सरसर सरकतात, शेवटी ‘बिल्ड सक्सेस’सारखी ओळ उमटते आणि काम फत्ते झाले असे धरून चालतात. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ लिहिले, तेव्हापासून बिल्ड टूलचे मुख्य काम एकच राहिले आहे: काय कशावर अवलंबून आहे याची नोंद वाचायची आणि त्या क्रमाने कामे उरकायची. नोंद चुकीची असली तर टूल तीही इमानाने पाळते. त्याच्याविषयीचे बहुतेक गैरसमज या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

गैरसमज : ‘माझ्या प्रोजेक्टमध्ये पाचच लायब्रऱ्या आहेत.’

वस्तुस्थिती अशी की मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये तुम्ही पाच नावे लिहिली असली, तरी त्या पाचांना आणखी काही लागतात, त्यांना आणखी काही, आणि टूल ती सारी वरात उतरवून घेते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी उघड झाली. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर जाऊ दिला की हल्लेखोराला दुरून त्या सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. तेव्हा अनेकांपुढे दुरुस्तीच्याही आधीचा प्रश्न उभा राहिला: ही लायब्ररी आपल्याकडे आहे का? बऱ्याच ठिकाणी ती कोणी मागवलेली नव्हती, दुसऱ्या लायब्ररीच्या मागून आलेली होती. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स मागितली गेली की टूल आपोआप नवेच घेते, हाही असाच एक समज. ग्रेडल साधारणपणे वरचे व्हर्जन घेते. मेव्हन मात्र तुमच्या प्रोजेक्टपासून जे कमी पायऱ्यांवर आहे ते घेते, मग ते जुने का असेना. परिणामी कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवताना ‘नो सच मेथड एरर’ येतो. दोन्ही टूल्सना डिपेंडन्सीचे झाड छापायची आज्ञा आहे. ती दिल्याशिवाय कोणाच्या मागून काय आले हे कळत नाही.

गैरसमज : ‘व्हर्जन लिहून ठेवले आहे, म्हणजे सगळ्यांकडे तेच असणार.’

एनपीएमच्या फाइलमध्ये ‘^१.२.०’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ नेमके १.२.० असा होत नाही, १.२.० किंवा त्यापुढचे, पण २.० च्या आतले कोणतेही चालेल, असा होतो. म्हणून आज आणि सहा महिन्यांनी केलेली जोडणी वेगळी निघू शकते. यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये एनपीएम ५ ने लॉक फाइल आपोआप तयार करायला सुरुवात केली. ती प्रत्येक लायब्ररीचे नेमके व्हर्जन टिपते, आणि ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा त्याबरहुकूमच जोडणी करते. पण लॉक फाइल ही यादी आहे, साठा नव्हे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभरचे हजारो बिल्ड अडले; मूळ वस्तूच नाहीशी झाल्यावर यादी काय करणार? यावर आक्षेप येतो की व्हर्जन असे जखडले तर जुन्या त्रुटीही जखडल्या जातात. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लॉक फाइल अधूनमधून उघडून व्हर्जन्स वाढवावी लागतात, पण ठरवून, आणि लगेच टेस्ट चालवून. बदल नकळत होण्यापेक्षा जाणूनबुजून झालेला केव्हाही बरा.

गैरसमज : ‘बिल्ड पास झाला, म्हणजे टेस्ट पास झाल्या.’

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. मेव्हनमध्ये टेस्ट चालवणारा शुअरफायर हा प्लगइन क्लासच्या नावावरून टेस्ट ओळखतो: सेटिंग बदलले नसेल, तर साधारणपणे नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ हवे. क्लासचे नाव ‘बिलतपासणी’ ठेवले, तर त्यातली एकही टेस्ट चालत नाही, तक्रारही येत नाही आणि बिल्ड मात्र यशस्वी ठरतो. शुअरफायरच्या जुन्या व्हर्जनबरोबर जेयुनिट ५ वापरणाऱ्यांनाही असाच शून्य टेस्टचा यशस्वी बिल्ड पाहायला मिळाला आहे. काम झाल्याची नोंद आणि प्रत्यक्ष परिणाम यांतला हा फरक इतरत्रही दिसतो. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ साली परतले, तेव्हा गावाला पाझर तलाव होता, पण त्यात पाणी टिकत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि मग खालच्या विहिरींना पाणी आले. बांधकाम झाल्याची नोंद वेगळी आणि विहिरीतली पातळी वेगळी. टेस्ट ही पातळी मोजायची सोय आहे. ती सगळेच मोजत नाही हेही खरे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच बजावले होते की टेस्टने चुका सापडतात, चुका नाहीत हे सिद्ध होत नाही. पण मोजमाप अपुरे म्हणून मोजूच नये, हा त्यावरचा निष्कर्ष होऊ शकत नाही.

उरतो वेळेचा मुद्दा. डेडलाइन डोक्यावर आली की टेस्ट वगळायचा पर्याय लावला जातो. आपल्या मशीनवर घाईने पॅकेज बनवताना तो गैर नाही. सगळ्यांचा कोड जिथे एकत्र होतो त्या सर्व्हरवर तो कायमचा राहिला, तर टेस्ट लिहिण्यात घालवलेला वेळही वाया जातो. तेव्हा पुढचा बिल्ड झाला की शेवटची ओळ सोडून आधी मेव्हनच्या ‘टेस्ट्स रन’पुढचा आकडा वाचा. तो शून्य असेल, तर तुमचा कोड अजून कोणी तपासलेला नाही.