आघात पचविणारी नळी

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापुरास येताना दर खड्ड्यागणिक पुढल्या डाव्या चाकापाशी ठक्क आवाज होई, आणि खड्डा मागे पडला तरी गाडीचे नाक होडीप्रमाणे डोलत राही. त्याची शहानिशा करावी म्हणून शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात गेलो, तो काम संपेतो तेथेच बसून राहिलो.

चाक उतरले, लिंक रॉड सुटला, बोल्ट निघाले आणि स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉकअप यांचा एकत्र खांब, बाहेर आला. नळीवर गळलेल्या तेलाचा व धुळीचा काळा, चिकट लेप बसला होता. त्याचा जळकट दर्प आजही आठवतो.

"साहेब, या एका चाकावर पावणेतीनशे किलो बसत्यात," मिस्त्री म्हणाले. तो भार पेलते स्प्रिंग. परंतु दबलेली स्प्रिंग उसळी घेतल्यावाचून राहत नाही, आणि ती उसळी आवरण्याचा जिम्मा शॉकअपमधील तेलाकडे असतो, कारण दट्ट्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वाट काढताना त्या तेलात चाकाची सारी धडपड उष्णता होऊन विरते. या दोहोंना एका उभ्या खांबात गुंफणारी अर्ल मॅक्फर्सन या अभियंत्याची रचना 1950 साली फोर्डच्या कॉन्सल गाडीत आली आणि 1983 च्या मारुती 800 ने ती आपल्या गल्लीबोळांत आणली.

स्प्रिंग आकड्यांच्या स्क्रूंनी आवळताना मिस्त्रींनी, उजव्या हातातला पाना न थांबवता, डाव्या हाताने हाताखालच्या पोराला बाजूला सारले. "समोर हुबा राहू नगंस. पावणेतीनशे किलो हाईत."

जुन्या शॉकअपचा दांडा त्यांनी तळव्याने दाबला. तो मुकाट आत गेला आणि वर आलाच नाही. नव्याचा दांडा, आतील दाबलेल्या नायट्रोजनमुळे, संथपणे पूर्ववत उभा राहिला. हा वायू तेलाला फेस येऊ देत नाही, म्हणून घाटरस्त्यांसाठी मी तोच पत्करला. कडक स्प्रिंग बसवावी, किंवा वेढ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उंच करावी, अशीही माझी तजवीज होती. तिला मिस्त्रींनी साफ नकार दिला. "धक्का जाईल कुठं? बॉडीतच की!" एकच बाजू बदलण्यासही ते राजी झाले नाहीत, दोन्ही स्ट्रट, वरची माउंटिंग आणि बंप स्टॉप नवे पडले, मग अलाइनमेंट झाली. खर्च वाढला, तथापि गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे न झुकणारा हा कारागीर मला त्या खर्चाहून मोलाचा वाटला.

परतीच्या वाटेवर गाडी त्याच खड्ड्यांतून गेली, एकदाच दबली आणि स्थिर झाली. पावणेतीनशे किलो ठिकाणावर होते; मला मात्र पोराच्या खांद्यावर टेकलेला तो तेलकट डावा हात दिसत होता.