प्रवरेत कयाक उतरवण्याआधी

उगम रतनगडाला, शेवट प्रवरासंगमी गोदावरीत. भंडारदरा धरणाच्या (१९२६) खाली रंधा धबधबा आहे, तिथे गाडीनेच वळसा घ्या. निळवंडे धरणाखालून, अकोले गावाकडे सुरुवात केलेली बरी.

आधी पाटबंधारे कार्यालयात आवर्तनाच्या तारखा विचारा. पाणी सुटलं की कालचे उघडे खडक दिसेनासे होतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखालचा भोवरा तर वरून येणाऱ्याला कळतच नाही. मे २०२४मध्ये सुगाव बुद्रुकला बुडालेल्यांना शोधणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची (एसडीआरएफ) बोट उलटून तीन जवान गेले. बंधारा दिसला की काठ धरा, कयाक उचलून पुढे चला. लाइफ जॅकेट मात्र अंगातच.

गळाला मरळ, वांब लागेल. पण धरणात मासेमारीचा ठेका असतो, मच्छीमार सोसायटीला विचारूनच गळ टाका. पावसाळ्यात नदीत उतरायचं नावच काढू नका.