आरेचे पान आणि रंगरेणूंचा वृक्ष

आपल्या गोरेगावच्या पूर्वेस आरेची वनराई आहे. तेथील प्रत्येक हिरव्या पानात हरितद्रव्याच्या रेणूंची काटेकोर मांडणी असते. त्यांतील बहुसंख्य रेणू केवळ प्रकाश टिपतात आणि ती ऊर्जा शेजाऱ्याकडे सोपवीत मोजक्या केंद्रस्थ रेणूंपर्यंत पोहोचवितात. अन्ननिर्मितीचा आरंभ तेथे होतो. रेणूंमधील अंतर वा दिशा बिघडली, तर हीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाऊ शकते.

मुंबईला रंजकांच्या रसायनशास्त्राची मोठी परंपरा आहे. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक डॉ. के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंजकांवरील ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या रचनेच्या रेणूला कोणता रंग येतो, हा त्या शास्त्राचा मूळ प्रश्न होय. पुढचा प्रश्न असा, की अनेक रंगरेणू पानातल्यासारखे शिस्तीने कसे मांडावेत? रेणूंना सौम्य बंधांनी एकत्र आणणाऱ्या सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राकडे हे काम येते. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच क्षेत्रातील पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना मिळाले.

यासाठी झाडासारखा फुटत जाणारा सांगाडा उपयोगी पडतो. त्यास डेंड्रिमर म्हणतात. ग्रीक भाषेत ‘डेंड्रॉन’ म्हणजे वृक्ष. आपल्या वरणाच्या डाळीतून मिळणारे लायसिन हे अमिनो आम्ल येथे कामी येते. त्याला दोन अमिनो गट असल्याने एका फांदीस दोन, दोहोंस चार, चारांस आठ अशा फांद्या फुटतात आणि टोकाटोकास रंगरेणू जोडता येतो.

लायसिनचा दुसरा गुण म्हणजे कायरलता. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरविली तरी उजव्या पायात नीट बसत नाही. तसाच हा रेणू आपल्या आरशातील प्रतिमेशी जुळत नाही. १८४८ साली लुई पाश्चर यांनी असे डावे-उजवे स्फटिक हाताने वेगळे निवडले होते. प्रथिनांतील लायसिन एकाच बाजूचे असते. त्यामुळे टोकांवरील सपाट रंगरेणू एकमेकांवर रचले जाताना एकाच दिशेस किंचित वळतात आणि गोल जिन्यासारखी रचना होऊ शकते. डावे व उजवे लायसिन समप्रमाणात मिसळले, तर हा कल उरत नाही.

हे वळण डोळ्यांना दिसत नाही. डावीकडे व उजवीकडे फिरणारा प्रकाश रचनेने असमान शोषला, म्हणजे ते उमगते. रेणूचा रंग त्याचा स्वतःचा असतो. प्रकाश केंद्रापर्यंत नेण्याचे सामर्थ्य मात्र मांडणीतून येते. आरेच्या पानास ते अवगत आहे. प्रयोगशाळेत ते पानाइतक्या सफाईने साधण्याचे काम तुमच्या पिढीसाठी अद्याप बाकी आहे.