‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे!



रत्नागिरीतल्या एका प्रशिक्षणात एक आंबा बागायतदार दादा खुशीत सांगत होते, “सर, माझं जुनं कर्ज सुटलं. सिबिलच्या रिपोर्टात ‘रिटन ऑफ’ आलंय!” पॅकिंग शेडसाठी त्यांनी नवीन कर्ज मागितलं होतं. ते नामंजूर झालं, आणि कारण होतं हेच दोन शब्द.

‘राइट ऑफ’चे तीन अर्थ पक्के करून घ्या.

१. बँकेचं राइट ऑफ
थकलेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. सरकारी मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. ही फक्त बँकेच्या वहीतली नोंद. तुमचं देणं तसंच राहतं, वसुली चालू राहते, जामीनदारही सुटत नाही.

माफीसाठी शब्द वेगळा आहे : ‘वेव्ह’. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत पात्र शेतकऱ्यांचं 2 लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज सरकारने भरलं. ती माफी.

२. तुमचं राइट ऑफ
आमरसाचे डबे उधारीवर दिले, गिऱ्हाईक गायब! आपण म्हणतो, ‘गेले अक्कलखाती.’ अकाउंटंट तेच ‘बॅड डेट’ म्हणून राइट ऑफ करतो. ती विक्री आधी उत्पन्नात दाखवली असेल, तर आयकरात वजावट मिळू शकते. म्हणून बिल जपून ठेवा.

३. गाडी आणि माणूस
अपघातातल्या टेम्पोची दुरुस्ती परवडणारी नसेल, तर विमा कंपनी तो राइट ऑफ करते. माणसाबद्दल असेल तर अर्थ ‘मोडीत काढणे’. ‘डोन्ट राइट मी ऑफ’ म्हणजे ‘मला एवढ्यात मोडीत काढू नका.’

बोलताना एक लक्षात ठेवा : ‘राइट इट ऑफ’ बरोबर, ‘राइट ऑफ इट’ चूक.

आता काय कराल?
प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढा. ‘रिटन ऑफ’ दिसलं तर बँकेत जाऊन बाकी लेखी विचारा. शक्यतो पूर्ण रक्कम भरा, कारण तडजोड केली तर रिपोर्टात ‘सेटल्ड’ येतं आणि पुढचा बँकवाला तिथेही अडतो. पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ दाखला घ्या आणि रिपोर्ट दुरुस्त झाला का ते बघा.

दादांनाही हेच सांगितलं. कर्ज थकलं म्हणून माणूस संपत नाही. फक्त शब्दाचा अर्थ वेळेत कळायला हवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!