तेल गेलं, टर्बोही जाईल!

*लाखभर किलोमीटर पळालेली जर्मन गाडी आज नव्या हॅचबॅकच्या किमतीत दारात उभी राहते. कॉलर ताठ! पण ती दारात चालती राहावी, याचा फंडा शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तो असतो ऑइलच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांत.*

रविवारची सकाळ. एक्स्प्रेस-वे, खंडाळ्याचा घाट, एसी फुल्ल आणि स्टिअरिंगवर माझा दादा. ट्रकांच्या रांगेला मागे टाकत गाडी अशी काही चढत होती की विचारू नका. तेवढ्यात डॅशबोर्डवर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं एक पिवळं चित्र उजळलं.

"काही नाही गं, सेन्सर असेल," दादा म्हणाला.

मागच्या सीटवरून बाबांचा आवाज आला, "सेन्सर नाही, तेल मागतेय ती. कडेला घे."

बाबांनी भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलाय. यंत्राला काय हवंय ते त्यांना आवाजावरून कळतं. त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक शोधली... सापडेचना. कारण ती नव्हतीच! बऱ्याच जर्मन गाड्यांतून ती केव्हाच हद्दपार झालीय. ऑइल किती आहे ते स्क्रीनवर बघायचं. स्क्रीनवरचा पट्टा तळाला टेकला होता. म्हणजे जवळपास एक लिटर ऑइल गायब. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम तीन हजार किलोमीटर झालेले!

दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपनं निकाल दिला. "टर्बो गेला. बदलावा लागेल. पावणेदोन लाख."

दादाचं लग्न डिसेंबरात. हॉलसाठी बाजूला ठेवलेली रक्कम साधारण तेवढीच. आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सांगत होते, नवी छोटी गाडी घे." दादा गप्प. आणि मी? मी पत्रकार! घरात भांडण पेटलं की मला त्यात स्टोरी दिसते. वही-पेन उचललं आणि जुन्या लक्झरी गाड्यांचंच काम करणाऱ्या एका गॅरेजवाल्या काकांना गाठलं.

तेलावर तरंगणारा पंखा

काकांनी आधी चहा मागवला, मग सुटलेला एक जुना टर्बो माझ्या हातात ठेवला. नारळाएवढी वस्तू! आत एका दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक फिरतो आणि तो दुसऱ्याला फिरवतो. दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे आयडिया शंभरीच्या पलीकडची!

"आता ऐका," काका म्हणाले. "हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत त्याला बॉल बेअरिंग नसतं. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. एका बाजूला नऊशे अंशांच्या आसपासचा वायू आणि मध्ये फक्त ऑइल. ते कमी पडलं किंवा जळलं, की खेळ खलास."

जळतं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. घाट चढून तुम्ही लोणावळ्याला वळता, चिक्कीच्या दुकानासमोर थांबता आणि झटकन इंजिन बंद करता. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे तोही थांबला. टर्बो मात्र तापलेलाच. आत अडकलेलं ऑइल तिथंच करपतं आणि त्याचा कोळसा होतो. कढईला तेलाचा काळा चिकट थर बसतो ना, अगदी तसा. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती कूलंट फिरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. तरीही घाटानंतर शेवटची दोन-तीन मिनिटं गाडी सावकाश हाकायची आणि थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवायचं, हा काकांचा नियम. फुकटातला विमा!

डब्यावर काय वाचायचं?

आपण डब्यावर काय बघतो? ब्रँड, किंमत आणि 'फुल्ली सिंथेटिक' ही सोनेरी अक्षरं. काका म्हणतात, डबा फिरवा आणि पाठ वाचा.

पहिला आकडा, समजा ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. नंतरचा आकडा ऑइल शंभर अंशांना किती दाट राहतं ते सांगतो. पुण्यात बर्फ पडत नाही, मग 'डब्ल्यू'चं काय काम? काम आहे. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइल टर्बोपर्यंत किती चटकन पोचतं, ते या आकड्यावर ठरतं. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंपनीची मान्यता. मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०१, फोक्सवॅगन-ऑडीची ५०२ ००, असे नंबर. आपल्या गाडीला कुठला, ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. तो नंबर डब्यावर हवा. त्यातही मेख आहे. 'अप्रूव्हल' लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीनं ते ऑइल तपासून पास केलंय. 'सूटेबल फॉर' म्हणजे ऑइलवाला स्वतःच म्हणतोय की चालेल. लग्नाच्या बायोडेटात 'सुस्वरूप' लिहितात, त्यातला प्रकार!

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी जपायचं. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर बसला. जळलेल्या ऑइलची राख त्यात साठत जाते आणि काजळीसारखी ती जाळून टाकता येत नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. मर्सिडीजमध्ये २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूत लाँगलाइफ-०४, ऑडीत ५०७ ००. यात काटकसर केली तर महागडा फिल्टर बोकांडी बसतो.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठीही एक ताजी गोष्ट. कमी आरपीएमला जोरात अॅक्सिलरेटर दाबला तर थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात पेट्रोल कधीकधी ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. यात ऑइलमधल्या रसायनांचा हात असतो. त्यामुळे एपीआयनं २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' हा दर्जा आणला. कंपनीच्या मान्यतेसोबत डब्यावर 'एसपी' दिसलं तर उत्तमच.

गाडी म्हातारी, म्हणून ऑइल जाड?

हा सल्ला तुम्हाला नाक्यानाक्यावर मिळेल. "लाख झाले ना? मग २०डब्ल्यू-५० टाका, ऑइल खायची बंद होईल." काकांनी कपाळावर हात मारला. टर्बोला ऑइल नेणारी नळी पेन्सिलीपेक्षाही बारीक. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो. त्यांना जाड ऑइल म्हणजे दम्याच्या माणसाला जिना चढायला लावणं. धूर थोडा कमी दिसेल, पण रोग आतच राहील.

मग जाड ऑइल कधीच नाही? तसंही नाही. मॅन्युअलमध्ये ३० आणि ४० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल, तर लाखाच्या पुढे, आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये, त्याच मान्यतेचं ५डब्ल्यू-४० घेणं शहाणपणाचं. 'हाय मायलेज' नावाच्या ऑइलमध्ये सुकलेल्या रबरी सीलना थोडं फुगवणारे घटक असतात. बारीक पाझर त्यानं कमी होतो. झिजलेल्या पिस्टन रिंग मात्र कुठल्याही डब्यानं परत येत नाहीत.

पंधरा हजारांचं गणित

"दादाची सर्व्हिस वेळेवर होती का?" काकांनी विचारलं. होती की! दर पंधरा हजारांना, पुस्तकाप्रमाणे.

काकांनी माझ्याच वहीत गणित मांडलं. हायवेवर सरासरी वेग साठ धरा. पंधरा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन अडीचशे तास चाललं. आता रोज हिंजवडी आणि कोथरूड करणारी गाडी घ्या. सरासरी वीस. तेच पंधरा हजार, पण तास किती? साडेसातशे! ऑइलनं तिप्पट काम केलं आणि मीटर मात्र तेवढंच दाखवतो. शिवाय छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, तेव्हा थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं.

म्हणून काकांचा हिशेब सरळ आहे. शहरात चालणारी, लाख ओलांडलेली टर्बो गाडी असेल तर सात-साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. फिल्टर दर वेळी नवा. जादा खर्च वर्षाला काही हजार. आणि टर्बो? पावणेदोन लाख, विसरलात का?

मग दादाच्या गाडीचं काय झालं?

काकांनी आमच्यासमोर टर्बो तपासला. दांड्याला किंचित हालचाल होती, पण पंखे घरावर घासत नव्हते. मग त्यांनी ऑइलची नळी सोडवून उजेडात धरली. आत काळा कोळसा! भोक अर्धंच शिल्लक. "नळी तशीच ठेवून नवा टर्बो बसवला असता, तर तोही वर्षभरात मागे आला असता," ते म्हणाले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

दुसरा चोर होता पीसीव्ही व्हॉल्व. इंजिनातली वाफ खेचून परत जाळायला पाठवणारा हा छोटा भाग. त्याचा रबरी पडदा फाटला होता आणि वाफेबरोबर ऑइलही ओढलं जात होतं. नवी नळी, नवा व्हॉल्व, योग्य मान्यतेचं पाच लिटर ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून बिल झालं तेवीस हजार.

हॅपी एंडिंग? अर्धं! काकांनी स्पष्ट सांगितलंय की रिंग थोड्या झिजल्यात आणि टर्बोही आज ना उद्या काम काढणार. पूर्वी हजाराला पाव लिटरच्या वर ऑइल खाणारी गाडी आता पाच हजारांना एक लिटर खाते. काही जर्मन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचं खाणं 'चालतं' म्हणून छापलेलं असतं, हे वाचून मात्र बाबा तासभर हसत होते.

हॉलचं बुकिंग झालं. आईचा राग पूर्ण गेलेला नाही, पण नवरदेव त्याच गाडीतून जाणार हे तिनंच जाहीर केलंय. आणि दर रविवारी सकाळी बाबा पेपर बाजूला ठेवून खाली उतरतात, दादाला हाक मारतात आणि विचारतात, "काय म्हणतोय रे तुझा टीव्ही? तेल आहे ना?"

जुनी टर्बो घेताय? हे करा!

• पिवळा ऑइल दिवा म्हणजे ऑइल कमी आहे, लवकर भरा. लाल दिवा म्हणजे दाब गेला, तिथल्या तिथे इंजिन बंद!

• दर हजार किलोमीटरला पातळी बघा. गाडी सपाट जागेवर हवी. वहीत नोंद ठेवा, गाडी किती खाते ते आपोआप कळेल.

• त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत असू द्या. रात्री पेट्रोल पंपावर तुमच्या मान्यतेचं ऑइल मिळेलच असं नाही.

• घेण्याआधी गाडी रात्रभर उभी असताना बघा. सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मालकानं आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

• नुसता 'सर्व्हिस हिस्टरी'चा शिक्का नको, बिलं मागा. कुठलं ऑइल, किती किलोमीटरला, ते बिलातच दिसतं.

• सुटं, ड्रममधलं ऑइल नको. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. रिकामा डबा फोडून टाका, नाहीतर त्यात उद्या नकली माल भरला जाईल.

• टर्बो बदलायची वेळ आलीच, तर 'ऑइलची नळीही नवी टाकणार ना?' हे आधी विचारा. उत्तरावरून गॅरेजही पारखून होईल!