परसातील शेडला वीज नेताना

घरामागील परसात चार लोखंडी खांबांवर पत्रे टाकून उभारलेली शेड आज अनेक शेतकऱ्यांच्या नित्य उपयोगाची झाली आहे. तीत म्हैस बांधली जाते, भाजीची रोपे वाढविली जातात, कडबाकुट्टीचे यंत्रही तेथेच बसते. दिवा व मोटार यांसाठी तेथे वीज लागते; परंतु ती घरातून कशी न्यावयाची याचा विचार सर्वांत शेवटी व घाईने होतो.

गेल्या पावसाळ्यात एका गावी जे घडले ते येथे सांगणे अवश्य वाटते. घरातील प्लगापासून साधी दोनपदरी वायर शेवग्याच्या फांदीवरून शेडपर्यंत नेलेली होती. वाऱ्याने ती पत्र्याच्या कडेवर घासत राहिली व तिचे आवरण फाटले. पहाटे धार काढावयास निघालेल्या गृहिणीच्या देखत दुभती म्हैस खांबाला टेकली आणि जागीच कोसळली. त्या बाई दोन पावले मागे होत्या, म्हणूनच वाचल्या. ती शेड बांधण्याचा सल्ला मीच दिला होता. उंची, पत्र्याचा उतार, गव्हाणीची जागा हे सारे सांगितले होते. विजेविषयी मात्र एक शब्दही बोललो नव्हतो.

घरधन्याने विचारले, "साहेब, फ्यूज होता, तो उडाला का नाही?" हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा. शेडचे खांब मुरमात रोवलेले असतात. त्यांच्यावाटे जमिनीत जाणाऱ्या विजेच्या मार्गाचा एकूण रोध 20 ओहम धरला, तर 230 व्होल्ट दाबाने केवळ साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहतो. 16 अँपिअरचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही, आणि त्याच क्षमतेची एम.सी.बी. कळही तत्काळ पडत नाही. म्हणजे शेडचा सारा सांगाडा विजेने भारलेला राहतो आणि घरात दिवे नेहमीसारखे जळत असतात. माणसाच्या प्राणास तर अँपिअरचा अल्पसा अंशही पुरतो. जनावराचे ओले खूर जमिनीशी चांगला संपर्क करतात, व पुढील-मागील पायांतून जाणारा प्रवाह हृदयावरून जातो. म्हणून गुरे अधिक लवकर दगावतात.

यावर उपाय म्हणजे आर.सी.सी.बी. ही कळ. फेजवाटे गेलेली वीज न्यूट्रलवाटे तेवढीच परत येते की नाही हे ती पाहते. 30 मिलिअँपिअरची कळ तेवढी तफावत दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. शेडकडे जाणाऱ्या मार्गाच्या आरंभी, घरातच ती बसवावी, आणि महिन्यातून एकदा तिचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी हातांत धरणाऱ्यास ती वाचवू शकत नाही. तसेच अतिभाराचे काम तिचे नव्हे, त्यासाठी एम.सी.बी. सोबत हवीच. न्यूट्रल गेला की अर्थिंगवर दिवा लावण्याची खोड काही गावांत आहे. तेथे ही कळ वारंवार पडते आणि लोक तीच काढून टाकतात! दोष कळीचा नव्हे, त्या जोडणीचा आहे.

अर्थिंगशिवाय मात्र हे सारे अपुरे होय. 40 मि.मी. व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ भिंतीपासून दीड मीटर दूर उभा गाडून त्याभोवती कोळसा व मिठाचे थर द्यावेत. मोटारीचा सांगाडा व शेडचे खांब त्यास जोडावेत. उन्हाळ्यात माती वाळली की रोध वाढतो, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. पिण्याच्या विहिरीजवळ तो खड्डा नसावा.

केबल शक्य तो जमिनीतून न्यावी. ती पोलादी कवचाची असावी, 75 से.मी. खोल चरात वाळूवर अंथरावी, वर वाळू व विटांचा थर द्यावा आणि वळणावर खुणेचा दगड रोवावा. मातीखाली सांधा देऊ नये. झाडाचा आधार तर कधीही घेऊ नये.

तारेची जाडी हीही महत्त्वाची बाब आहे. शेड 40 मीटरवर असल्यास जाण्यायेण्याची तार 80 मीटर होते. 2 अश्वशक्तीची कडबाकुट्टी सुमारे 10 अँपिअर घेते व सुरू होताना त्याच्या पाचपट. 1 चौ. मि.मी. तांब्याच्या तारेत सुरुवातीच्या त्या क्षणी सुमारे 70 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मोटार नुसती घुमते, फिरत नाही, आणि अखेर जळते. 4 चौ. मि.मी. तारेत हीच घट 18 व्होल्टच्या आसपास राहते. मोटारीने मंजूर भार वाढत असेल, तर वीज कंपनीस अर्ज करून तो वाढवून घ्यावा. काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे. गावातील हौशी मुलगा कितीही हुशार असला, तरी हे काम त्याचे नव्हे.

शेडमधील बटणे गुरांच्या शिंगांपासून व पावसाच्या झडीपासून दूर, झाकणाच्या पेटीत असावीत. कोणास विजेचा धक्का बसलाच, तर त्यास हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. ती लांब असल्यास कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करून दवाखान्याची गाडी बोलवावी.

त्या घरी आता जमिनीखालून केबल आली आहे. पहिल्याच झडीत आर.सी.सी.बी. पडली, तेव्हा घरधनी तक्रार घेऊन आले. शेडमधील दिव्याच्या जोडपेटीत पाणी शिरले होते. ती पुसून, कोरडी करून, रबरी पट्टी लावून बंद केली. त्यानंतर कळ पडलेली नाही.